फिरणारा शाफ्ट, सरकणारा शाफ्ट : व्हॅक्युम सील निवडताना

प्रश्न थोडक्यात असा : थर्मल इव्हॅपोरेशनसाठी (व्हॅक्युममध्ये धातू तापवून त्याच्या वाफेचा थर बसवण्यासाठी) १८ इंची स्टीलचं चेंबर, खाली ६ इंची डिफ्यूजन पंप (तेलाच्या वाफेच्या झोताने हवा ओढणारा). वरच्या प्लेटमधून २५ मिलिमीटरचा शाफ्ट आत उतरतो आणि त्याच्या टोकाला सबस्ट्रेट, म्हणजे ज्यावर थर बसवायचा ती वस्तू, धरणारा होल्डर आहे. शाफ्ट मिनिटाला ३० फेरे फिरायला हवा, शिवाय सोर्सपासूनचं (धातू तापतो त्या जागेपासूनचं) अंतर बदलण्यासाठी २०० मिलिमीटर वरखाली सरकायलाही हवा. सध्या एकाच हाउसिंगमध्ये नायट्राइल रबराच्या दोन ओ-रिंगा (गोल छेदाची कडी) बसवल्या आहेत. शाफ्ट स्थिर असताना गेज ४ मायनस सिक्स दाखवतं, फिरवला की ५ मायनस सिक्स, आणि सरकवला की थेट २ मायनस फाइव्ह. आता विल्सन सील (रबरी चकत्यांचं) लावावं की फेरोफ्लुइड (चुंबकाने धरलेल्या द्रवाचं), असं विचारलं आहे. (४ मायनस सिक्स म्हणजे ४ गुणिले दहाचा उणे सहावा घात, मिलीबारमध्ये. व्हॅक्युमचं काम करणारे बोलतात तसंच पुढेही लिहितो.)

तुमच्या आकड्यांनीच अर्धं उत्तर दिलंय. फिरताना ४ चे ५ होतात, त्याकडे मी बघणारही नाही. त्रास आहे तो फक्त सरकण्याचा. फिरणं आणि सरकणं या दोन्ही हालचाली एकाच भोकातून आणि एकाच रबरावर घेतल्या की त्या सारख्याच वाटायला लागतात; सीलच्या दृष्टीने मात्र त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. विहिरीवरचा रहाट आठवा. चाक जागच्या जागी फिरतं, दोर मात्र दर खेपेला पाणी घेऊन वर येतो. फिरणाऱ्या शाफ्टचा ठरावीक पट्टाच कायम रबराखाली असतो, आतला भाग आत आणि बाहेरचा बाहेर. सरकणारा शाफ्ट बाहेरच्या हवेत बसलेला पृष्ठभाग उचलून आत नेतो, आणि त्यावरची ओल, ग्रीस, ग्रीसमध्ये विरघळलेली हवा हे सगळं सोबत जातं. सील शंभर टक्के घट्ट असलं तरीही.

हे किती असतं ते मोजून बघू. २५ मिलिमीटरचा शाफ्ट २०० मिलिमीटर आत गेला म्हणजे सुमारे १५७ चौरस सेंटिमीटर नवा पृष्ठभाग आत आला. पाण्याच्या रेणूंचा एक पदरी थर धरला तर दर चौरस सेंटिमीटरवर साधारण दहाचा पंधरावा घात इतके रेणू. त्याचा हिशोब ०.००६५ मिलीबार-लिटरच्या आसपास येतो. आता पंपाकडे बघा. ६ इंची डिफ्यूजन पंपाचा कागदावरचा वेग काहीही असो, बॅफल (तेलाची वाफ अडवणारा पडदा) आणि व्हॉल्व्ह मध्ये आल्यावर चेंबरला सेकंदाला ३०० लिटर मिळतात असं धरू. तो एकच थर १० सेकंदांत सुटला, तर दाब सुमारे २ मायनस सिक्सने वाढेल. म्हणजे तुमच्या स्थिर दाबाच्या निम्म्याने, आणि तोही एकाच थरामुळे. दमट हवेत उभ्या असलेल्या शाफ्टवर असे अनेक थर असतात. पुण्या-मुंबईत जुलै महिन्यात काय असेल ते सांगायला नकोच. त्यावर ग्रीस आलंच. अर्थात सगळं एकदम सुटत नाही आणि रबरही थोडं पुसून घेतं, पण २ मायनस फाइव्हची उडी समजायला गळती शोधत बसण्याची गरज नाही, इतकं यातून कळतं.

तरीही दुसरा संशयित आहे, आणि तो मी आधी तपासेन. तो म्हणजे दोन ओ-रिंगांच्या मधली फट. शाफ्ट आणि हाउसिंग यांच्यात ०.१ मिलिमीटर मोकळीक आणि दोन रिंगांत १० मिलिमीटर अंतर धरा. तिथे जेमतेम ०.०८ घन सेंटिमीटर हवा मावते. पण ती वातावरणाच्या दाबाची आहे, म्हणजे सुमारे ०.०८ मिलीबार-लिटर. १० सेकंद २ मायनस फाइव्ह दाखवायला एकूण जितका वायू लागतो, त्याहून हे जास्त आहे. शाफ्ट सरकताना आतली रिंग जरा गुंडाळली, जरा उचलली, की हा साठा ढेकर दिल्यासारखा आत सुटतो. नंतर बाहेरच्या रिंगेतून तो हळूहळू पुन्हा भरतो. ‘एकापेक्षा दोन रिंगा बऱ्या’ असं समजून मधली जागा बंद ठेवतात, तिथे हा प्रकार हमखास होतो.

दोघांपैकी कोण, ते गेजवर नजर ठेवून अर्ध्या तासात कळेल. शाफ्ट आत ढकलताना उडी येते आणि बाहेर ओढताना येत नाही, असं दिसलं तर पृष्ठभागावरून येणारी ओल. दोन्ही दिशांना सारखीच उडी येत असेल तर फटीतली हवा, किंवा शाफ्टवरचा उभा ओरखडा. शाफ्ट थांबवल्यावर दाब काही सेकंदांत ते मिनिटभरात खाली आला तर ती सुटलेल्या वायूची झुळूक होती. वरच अडकून राहिला तर खरी गळती, म्हणजे त्या ठिकाणी ओरखडा रिंगेखाली येऊन थांबलाय. शाफ्टला मार्करने खुणा करा, म्हणजे नेमक्या कुठल्या जागी होतं तेही सापडेल.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारतो : शाफ्ट सरकवायचा कधी? डिपॉझिशन (थर बसवणं) चालू असताना अंतर बदलायचंय, की आजच्या रनला १५० मिलिमीटर आणि उद्याच्या रनला २५०, एवढंच? दुसरं असेल तर काहीही विकत घेऊ नका. रोटरी पंपावर रफिंग (सुरुवातीचा ढोबळ उपसा) चालू असतानाच शाफ्ट हव्या त्या उंचीला आणा, कॉलर आवळा आणि मग हाय व्हॅक्युम व्हॉल्व्ह उघडा. आत आलेली ओल चेंबरच्या भिंतींवरच्या ओलीबरोबरच निघून जाईल. त्यानंतर शाफ्ट फक्त फिरतोय, आणि फिरताना तुमचं सील उत्तम चालतं हे तुम्हीच लिहिलंय. चालू रनमध्येच सरकवणं गरजेचं असेल, तर मात्र बेलोजकडे (घड्यांची, लांब-आखूड होणारी धातूची नळी) जावं लागेल. त्यावर पुढे येतो.

दोन्ही परिस्थितींत करण्याजोगी एक स्वस्त सुधारणा म्हणजे दोन रिंगांच्या मधल्या जागेला हाउसिंगमधून भोक पाडून ते रोटरी पंपाला जोडणं. मधली जागा ०.०५ मिलीबारवर राहिली तर आतल्या रिंगेवरचा दाबाचा फरक हजार मिलीबारवरून ०.०५ वर येतो, म्हणजे वीस हजारपट कमी. फटीतला साठा संपतो आणि बारीक ओरखड्यांचा त्रासही जवळजवळ जातो. शाफ्टवरची ओल मात्र याने जाणार नाही. मधली जागा पार करायला शाफ्टला क्षणभर लागतो, तेवढ्यात पाणी सुटत नाही. डिफ्यूजन पंपाच्या बॅकिंग लाइनला (त्याच्याकडून रोटरी पंपाकडे जाणारी नळी) जोडलं तरी चालतं, पण मध्ये छोटा व्हॉल्व्ह ठेवा. बाहेरची रिंग कधी फाटली, तर बॅकिंगचा दाब चढून तेलाची वाफ चेंबरकडे उलटी येईल.

ओ-रिंगेबद्दल सविस्तर लिहितो, कारण बिघाड बहुतेक वेळा रिंगेत नसतो, शाफ्टमध्ये किंवा खाचेत असतो. लेथवरून थेट आलेला शाफ्ट डोळ्याला चकाकतो, पण त्यावर टूलच्या फीडची सर्पिल रेघ असते. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जाते, म्हणजे हवेला चालायला तयार वाट. शाफ्ट ग्राइंड केलेलाच हवा, पृष्ठभाग साधारण ०.२ ते ०.४ मायक्रॉन आरए (खडबडीतपणाचं सरासरी माप), आणि शेवटचा हात आडवा, म्हणजे परिघाच्या दिशेने. एमरी पेपर लांबीच्या दिशेने ओढून शाफ्ट ‘चकाचक’ करणारा कारागीर दिसला तर थांबवा. आरशासारखा गुळगुळीतही नको, कारण त्यावर ग्रीस टिकत नाही आणि रबर चिकटून अडखळत सरकतं. साधं ३०४ स्टेनलेस मऊ असतं, त्यावर ओरखडे पटकन उठतात. लिनियर बेअरिंगसाठी हार्डन केलेले, क्रोम प्लेटिंग करून ग्राइंड केलेले रॉड बाजारात तयार मिळतात. भोसरी-चाकणच्या कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे विचारा. बहुतेक कामांना ते पुरतात.

रिंग किती दाबायची यातही फरक आहे. स्थिर फ्लँजवर २० ते २५ टक्के दाबतात; हलत्या शाफ्टवर १० ते १५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, नाहीतर ती गुंडाळते आणि पिळवटून फाटते. लांब स्ट्रोकसाठी गोल रिंगेऐवजी चार ओठांची एक्स-रिंग घ्या, ती पिळली जात नाही.

फिरत्या शाफ्टची गंमत आणखी वेगळी. ताणलेलं रबर तापलं की आकसतं. हे १८०५ साली जॉन गॉफ या अंध इंग्रज अभ्यासकाने नोंदवलं. रबर झटकन ताणलं की गरम होतं, हे त्याने ते ओठांना लावून ओळखलं होतं. रिंग ताणून शाफ्टवर बसवली असेल तर घर्षणाने ती तापते, तापली की आणखी आवळते, त्यामुळे आणखी तापते, आणि शेवटी जळते. म्हणून वेगात फिरणाऱ्या शाफ्टसाठी रिंगेचा आतला व्यास शाफ्टपेक्षा किंचित मोठा ठेवतात आणि बाहेरच्या खाचेने तिला दाबतात. तुमचा वेग बघा : २५ मिलिमीटर, मिनिटाला ३० फेरे, म्हणजे सेकंदाला ४ सेंटिमीटर. इतक्या कमी वेगात ही भीती नाही. याच शाफ्टवर १५०० फेऱ्यांची मोटर बसवलीत तर वेग सेकंदाला जवळजवळ २ मीटर होईल, आणि मग साध्या ओ-रिंगेचा विचार सोडून द्या.

रिंगेला बेअरिंग समजू नका. शाफ्टचं वजन आणि बेल्टची ओढ घ्यायला हाउसिंगमध्ये लांब अंतरावर दोन बुश हवेत. कीवे (चावीची खाच) किंवा आटे असलेला भाग रिंगेतून पार करताना त्यावर टेप गुंडाळा. ग्रीस बोटाने पुसून उरेल इतकंच लावा, आणि कोटिंगच्या चेंबरमध्ये सिलिकोन ग्रीस आणूच नका. ते पसरत पसरत सबस्ट्रेटपर्यंत जातं आणि मग फिल्म (बसवलेला थर) सुटते; दोष मात्र क्लिनिंगला दिला जातो. अपिएझॉनसारखं हायड्रोकार्बन ग्रीस किंवा फोम्ब्लिन, क्रायटॉक्स यांसारखं फ्लोरिनेटेड ग्रीस घ्या. रबर नायट्राइलऐवजी व्हायटॉन (फ्लोरिनयुक्त रबर) घेतलंत तर उष्णतेची काळजी कमी होते. सिलिकोन रबर उष्णतेला चांगलं असलं तरी त्यातून वायू सहज झिरपतो, म्हणून व्हॅक्युमसाठी टाळतो.

ऑइल सीलचं (शाफ्टवर टेकणारा ओठ असलेलं तयार रबरी सील) एका ओळीत सांगतो, कारण उलटं बसवलेलं वारंवार बघतो : ओठ जास्त दाबाच्या बाजूला, म्हणजे व्हॅक्युमच्या कामात बाहेर, हवेकडे. इंजिनातल्यासारखा ‘आत’ तोंड करून बसवला तर हवेचा दाब ओठ शाफ्टवरून उचलतो. रफिंगच्या दाबाला ठीक, तुमच्या दाबाला नको.

विल्सन सील हा रॉबर्ट विल्सन यांचा १९४१ सालचा शोध. हेच पुढे फर्मीलॅब या अमेरिकेतल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. रबरी शीटच्या चकतीला शाफ्टपेक्षा बऱ्यापैकी लहान भोक पाडायचं, ती शंकूसारखी वाकलेल्या स्थितीत आवळायची आणि शंकूचं शाफ्टला बिलगलेलं अरुंद तोंड हवेकडे ठेवायचं, म्हणजे हवाच रबराला शाफ्टवर दाबून धरते. अशा दोन चकत्या आणि मध्ये ग्रीस किंवा पंपाची वाट. वर्कशॉपमध्ये अर्ध्या दिवसात होतं, फिरणं आणि सरकणं दोन्ही सांभाळतं, आणि शाफ्ट थोडा वाकडा असला तरी निभावून नेतं. पण सरकताना ओल आत येण्याचा तुमचा प्रश्न त्याने सुटत नाही. चकतीचा ओठ ओ-रिंगेपेक्षा जरा बरं पुसतो, इतकाच फायदा. तुमच्या ओ-रिंगा काढून विल्सन लावण्यात मला अर्थ दिसत नाही.

फेरोफ्लुइड सील फिरण्यासाठी अप्रतिम आहे. चुंबकाने धरलेल्या द्रवाची अनेक कडी शाफ्टभोवती असतात, प्रत्येक कडं साधारण ०.२ बारपर्यंत तोलतं, आणि घासायला काहीच नसल्यामुळे कणही पडत नाहीत. पण सरकण्यासाठी ते अजिबात चालत नाही. शाफ्ट सरकला की द्रव त्याच्याबरोबर ओढला जातो आणि लाखाच्या घरातली वस्तू एका स्ट्रोकमध्ये वाया जाते. घेतलंत तर तीन गोष्टी सांभाळा. सफाई करताना अॅसिटोन किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) त्याच्याजवळ नेऊ नका. होल्डर तापत असेल तर पाण्याच्या कूलिंगचं मॉडेल घ्या. मोटर लवचिक कपलिंगनेच जोडा, कारण आतल्या बेअरिंगांना वाकडा जोर सोसत नाही. पहिल्यांदा पंप करताना गेजवर दोन-चार झटके दिसतील. कड्यांच्या मधली हवा सुटते तेव्हा ते येतात, गळती समजून सील उघडू नका.

चालू रनमध्ये सरकवायचं असेल तर माझी रचना अशी असते : दोन्ही हालचाली वेगळ्या करायच्या. चेंबरच्या वरच्या प्लेटवर एज-वेल्डेड (धातूच्या पातळ चकत्या कडांना वेल्ड करून बनवलेला) बेलोज उभा करायचा, त्याच्या वरच्या टोकाला फ्लँज, ती फ्लँज गाइड रॉडवर सरकणाऱ्या कॅरेजवर बसवायची, आणि त्याच फ्लँजवर फिरण्याचं सील. कॅरेज वरखाली झाली की मोटर, सील, शाफ्ट सगळं एकत्र सरकतं. शाफ्टचा व्हॅक्युममधला भाग बेलोजच्या आत, कायम व्हॅक्युममध्येच राहतो. बाहेरचा एक मिलिमीटरही आत येत नाही. फिरण्याचं सील तुमच्या दाबाला व्हायटॉनच्या दोन रिंगा आणि मधला पंप, एवढंसुद्धा पुरेल. फेरोफ्लुइड परवडत असेल तर उत्तमच.

इथे हवेच्या जोराचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. २५ मिलिमीटरच्या शाफ्टला हवा साधारण ५ किलोने आत ढकलते, ते हाताने पेलतं. बेलोजचा प्रभावी व्यास (हवेचा दाब ज्यावर पडतो तो) ६० मिलिमीटर असेल तर हाच जोर २९ किलोच्या घरात जातो. त्यामुळे कॅरेजला लीड स्क्रू हवा, आणि तोही आपोआप मागे न फिरणारा. बॉल स्क्रू लावलात तर मोटरचा पुरवठा गेल्याक्षणी होल्डर सोर्सवर येऊन आदळेल. बेलोजला पीळ अजिबात चालत नाही, म्हणून गाइड रॉड दोन हवेत. उडणारा धातू त्याच्या घड्यांत बसू नये म्हणून खाली पत्र्याचं आवरण द्या. शाफ्ट आता लांब होईल, तेव्हा आत एक आधाराचा बुश लागेल. तिथे ग्रॅफाइट वापरू नका. त्याचा गुळगुळीतपणा हवेतल्या ओलीवर चालतो आणि व्हॅक्युममध्ये ते खरखरतं. मॉलिब्डेनम डायसल्फाइड चालतं. स्टेनलेसवर स्टेनलेस तर कधीच नको, एकमेकांत रुतून बसतात.

हे सगळं मायनस सिक्सच्या कामासाठी. तुम्हाला मायनस नाइन हवं असतं तर मी रबराचं नावही घेतलं नसतं, कारण तिथे स्थिर व्हायटॉनमधून झिरपणारी हवाही हिशोबात येते. तिथे भिंतीच्या आरपार फिरवणारं मॅग्नेटिक कपलिंग आणि धातूचे गॅस्केट लागतात. उलट तुम्ही मायनस टूवर स्पटरिंग (आयनांच्या माऱ्याने धातू उडवून थर बसवणं) करत असता तर पंपावरचा एकूण भार इतका मोठा असतो की सध्याच्या ओ-रिंगांना हातही लावू नका म्हटलं असतं.

तर आधी आत-बाहेरची उडी तपासा, मग मधलं भोक पाडा. तरीही रनमध्ये सरकवणं भाग असेल तरच बेलोजची चौकशी करा. पुरवठादाराला फक्त ‘२०० मिलिमीटरचा बेलोज’ असं सांगू नका. स्ट्रोक किती, आतला मोकळा व्यास किती (शाफ्टच्या कपलिंगसकट), उभा बसणार की आडवा, दिवसाला किती वेळा हलणार, किती तापणार आणि दोन्ही टोकांना कोणती फ्लँज, हे सगळं लिहून द्या. किती वेळा हलणार यावर किंमत सर्वांत जास्त बदलते : दहा हजार स्ट्रोकचं आयुष्य सर्वसाधारण मॉडेललाही असतं, लाखांत हवं असेल तर तेवढाच स्ट्रोक लांब बेलोजवर वाटून घ्यावा लागतो आणि वरच्या प्लेटपासून छतापर्यंतची जागा आधी मोजावी लागते.